एका माणसापुरता

‘अहो, यात अंडं असतं का?’ असं ताईनं विचारलं तेव्हा धाकटीच्या हातात दुधाचा चमचा होता. तिसरा. तिसरा चमचा दूध घातलं की काट्यानं ढवळायचं, कप तिरका धरून बुडाशी कोको चिकटला नाही ना ते बघायचं आणि समोरच्या गिऱ्हाइकाकडे बघून हसायचं, असा क्रम होता. घरगुती यंत्रांच्या त्या मोठ्या दुकानात, मायक्रोवेव्हच्या रांगेपुढच्या टेबलाशी उभी राहून ती हा क्रम दिवसातून तीस-पस्तीस वेळा करायची, त्यामुळे हात थांबला नाही. हातानं दूध घातलं, काटा उचलला, ढवळायला घेतलं. तोंड हसलं. तोंडानं सांगितलं, ‘नाही मॅडम, बिनअंड्याचा आहे.’ आणि हे सगळं होऊन गेल्यावर तो ‘अहो’ तिच्या आत कुठंतरी जाऊन पडला. सख्खी बहीण. तीन वर्षांच्या अंतरानं एकाच आईच्या पोटी आलेल्या दोघी. सेहेचाळीस वर्षांत ताईनं तिला ‘ए’ म्हटलं होतं, ‘अगं’ म्हटलं होतं, ‘मठ्ठ’ म्हटलं होतं, लाडात आली की ‘बाळ’ म्हटलं होतं आणि भांडण विकोपाला गेलं की ‘बाईसाहेब’. ‘अहो’ कधीच नाही. आणि अंडं? यात अंडं नसतं हे ताईला चांगलं ठाऊक होतं. हा केक धाकटीनंच तिला फोनवर शिकवला होता, एकदा नाही, तीनदा, कारण ताईचा दर वेळी चामड्यासारखा व्हायचा. म्हणजे प्रश्न अंड्याचा नव्हताच. मी तुला ओळखत नाही, तूही मला ओळखू नकोस, एवढंच ताईला सांगायचं होतं. ते धाकटीला कळलं होतं, आणि कळून तिनं ‘मॅडम’ म्हटलं होतं. पुढचे दोन दिवस तिच्या तळपायाची आग मस्तकात जात राहिली ती ताईच्या ‘अहो’नं कमी आणि स्वतःच्या त्या ‘मॅडम’नं जास्त.

ताईबरोबर एक उंच बाई होत्या. पांढरे, आखूड कापलेले केस, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, हातात घडी घातलेली यादी. ‘मी तीस वर्षं शाळा चालवलीय,’ त्या धाकटीला म्हणाल्या, ‘त्यामुळे मला सगळं पहिल्यापासून सांगा. मला घाई नाही.’ मग धाकटीनं पहिल्यापासून सांगितलं. चार चमचे मैदा, दोन कोको, तीन साखर, चिमूटभर बेकिंग पावडर, तीन चमचे दूध, दोन तेल. कप अर्ध्याच्या वर भरायचा नाही, नाहीतर उतू जातो. दीड मिनिट, जास्त नाही. ती बोलत होती आणि ऐकू मात्र तिला दुसरंच येत होतं, कारण त्या बाई मधेच ताईकडे वळून म्हणाल्या, ‘मुलांना हेच बरं पडेल, विहीणबाई. दोघंही उशिरा येणार घरी, कुणाला भूक लागली तर आपापलं करून खातील.’ विहीणबाई. धाकटीनं कप आत ठेवला, दार लावलं, आकडे दाबले. काचेआड पिवळा दिवा लागला आणि कप फिरायला लागला. म्हणजे ताईच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. नुसतं ठरलं नव्हतं, संसाराला काय काय घ्यायचं त्याच्या यादीपर्यंत आलं होतं, आणि ती यादी या बाईच्या हातात होती. धाकटीला कुणी फोन केला नव्हता. गेल्या महिन्यात ताईशी बोलणं झालं होतं, गुडघ्याबद्दल, हवेबद्दल, कुणाच्या तरी चोरीला गेलेल्या सायकलबद्दल. सायकल सांगायला ताईला वेळ होता.

‘आमच्या विहीणबाईंना सख्खं असं कुणी नाही हो,’ उंच बाई आता धाकटीशीच बोलायला लागल्या. कप फिरताना लोक असे बोलतातच, दीड मिनिट गप्प राहणं माणसांना जड जातं. ‘एकुलत्या एक. नाहीतर मुलीच्या मावश्यांनीच धरून आणलं असतं खरेदीला. म्हणून म्हटलं, मी येते.’ ताई वॉशिंग मशीनच्या रांगेकडे बघत होती. तिनं नवा चष्मा केला होता, काळ्या काड्यांचा, आणि तो तिला शोभत होता. त्या क्षणीही हे आपल्या लक्षात यावं याचा धाकटीला इतका संताप आला की तिनं टेबलाखाली पाय घट्ट रोवले. एकुलती एक. म्हणजे आपण झालोच नाही. आईनं त्या उन्हाळ्यात आपल्याला जन्म दिलाच नाही, एका खाटेवर दोघी उलटसुलट झोपलो नाही, ताईच्या पायाचा अंगठा आपल्या नाकाशी आला नाही, तिची दहावी व्हावी म्हणून वर्षभर घरातली भांडी आपण घासली नाहीत, आणि तिची मुलगी तर आपण पाहिलीच नाही. हे शेवटचं मनात आलं तेव्हा तिच्या दातांत कळ आली. एवढा वेळ आपण दात आवळून धरलेत हे तिला तेव्हा कळलं.

कारण मुलगी चार वर्षांची असताना भाऊजींची बदली अशा ठिकाणी झाली की जिथं शाळा नव्हती, दवाखाना नव्हता, आणि ताई तिला घेऊन धाकटीच्या दारात आली होती. ‘दोनच वर्षं गं,’ म्हणाली होती. दोनाची सहा झाली. धाकटीचा नवरा तेव्हा होता, म्हणजे ती त्याच्या घरात होती. त्याला पोरीचं हसणं मोठं वाटायचं, तिची चप्पल दारात आडवी वाटायची, तिच्या ताटातला उरलेला घास वाया वाटायचा. धाकटीवर तो वर्षानुवर्षं ओरडला होता आणि ते तिच्या अंगवळणी पडलं होतं, पण एका दुपारी त्यानं सांडलेल्या शाईवरून पोरीचा हात पिरगाळला, आणि पोरगी रडली नाही, नुसती मावशीकडे बघत राहिली. त्याच दुपारी धाकटी बाहेर पडली. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात पोर, पोरीच्या पाठीवर दप्तर. ताईला फोन केला तेव्हा ताई म्हणाली होती, ‘बरं केलंस. फार आधी करायला हवं होतंस.’ हे ताईचे शब्द. मग भाड्याची एक खोली, जिच्या खिडकीतून समोरच्या इमारतीची फक्त पाइप दिसायचे, आणि कुणीतरी वापरून कंटाळलेला एक मायक्रोवेव्ह, कारण त्या खोलीत शेगडी ठेवायला घरमालकीण तयार नव्हती. त्या मायक्रोवेव्हवर दोघी जगल्या. भात त्यात, दूध त्यात, आणि रविवारी कान तुटलेल्या कपात हा केक. पोरगी काचेला नाक लावून उभी राहायची आणि सांगायची, ‘मावशी, आला. मावशी, वर आला. मावशी, बसला.’ एका माणसापुरता केक, दोन चमचे. पोरगी मधला ओला भाग खायची आणि कडा मावशीला ठेवायची, कारण मावशीला कडा आवडतात असं मावशीनं तिला सांगून ठेवलं होतं. हल्ली मायक्रोवेव्हची कंपनी धाकटीच्या एप्रनवर छापते, ‘एक कप, एक माणूस, दीड मिनिट’, आणि टेबलाशी उभं राहायला लागल्यापासून तिला त्यातले मधले दोन शब्द डोळ्यांत खुपतात.

मशीन वाजलं. तिनं कप काढला, थोडं थांबायला सांगितलं, वाफ जाऊ द्या, जीभ भाजेल, आणि लाकडी चमचे पुढं केले. आधी उंच बाईंना, मग ताईला. ताईनं चमचा घेतला. तिची बोटं धाकटीच्या बोटांना लागली आणि तिनं ती झटकन मागं घेतली. उंच बाईंनी डोळे मिटून घास खाल्ला. ‘छान आहे. अगदी छान. तुम्ही घरी करता का हो, मुलाबाळांसाठी?’

‘मला मुलं नाहीत,’ धाकटी म्हणाली. आणि मग तिच्या तोंडानं तिला न विचारता पुढं सांगितलं, ‘बहिणीच्या मुलीसाठी करायचे. सहा वर्षं होती माझ्याकडे.’

ताईचा चमचा तोंडाशी थांबला.

‘अस्सं. आता केवढी आहे?’

‘मोठी झाली. लग्न ठरलंय म्हणे.’

‘म्हणे म्हणजे? तुम्हाला कळवलं नाही?’

‘अजून तरी नाही.’

उंच बाईंनी चष्मा नाकावर चढवून धाकटीकडे नीट पाहिलं. ‘कमाल आहे,’ त्या म्हणाल्या. ‘सहा वर्षं सांभाळलं आणि साधा निरोप नाही. काय माणसं असतात एकेक. नाही का हो, विहीणबाई?’

‘हो ना,’ ताई म्हणाली. आणि तिनं तो घास खाल्ला.

मशीन त्यांनी घेतलंच, मोठं, भाजायचंही बटण असलेलं. ते खोक्यात भरून यायला वेळ होता, तेवढ्यात उंच बाईंना कल्पना सुचली. लग्नात असं एक टेबल लावलं तर? पाहुण्यांसमोर गरम गरम, ज्याला हवा त्याला त्याचा कप. तुम्ही याल का? शनिवार आहे, सव्वीस तारीख, नदीकाठचं सभागृह, दोन जिन्यांचं, बघितलं असेल. नंबर द्या, मी फोन करते. धाकटीनं नंबर दिला. ताई मधे म्हणाली, ‘कशाला हो उगाच, त्यांना दुकान असेल,’ पण शाळा चालवलेल्या माणसाला मधे बोललेलं ऐकू येत नाही. त्या गेल्यावर शेजारचा फ्रिजवाला जवळ आला. तो दिवसभर रिकामे फ्रिज उघडून दाखवायचा आणि म्हणून आपला स्वभाव थंड आहे असं सांगायचा. ‘मोठं गिऱ्हाईक पटवलंत आज,’ तो म्हणाला. मग तिच्या तोंडाकडे बघून म्हणाला, ‘बसा जरा. मी बघतो टेबल.’ बसायला स्टूल नव्हतं, दुकानाच्या टायवाल्या साहेबांनी ते मागच्याच आठवड्यात उचलून नेलं होतं. बसलेल्या बाईकडे गिऱ्हाईक येत नाही म्हणे. तिनं उभ्याउभ्याच ताईचा उष्टा चमचा कचऱ्यात टाकला, आणि कप धुवायला नेला, आणि नळाखाली तो इतका घासला की बाहेरचा छाप उडाला. राग अंगात असा भरला होता की तो कुठं ठेवावा ते समजत नव्हतं. ओरडता येत नव्हतं, भांडायला समोर कुणी नव्हतं, आणि साडेसहापर्यंत अजून दहा-बारा केक करायचे होते. तिनं ते केले. त्यातला एकही बिघडला नाही. याचाही तिला राग आला.

ताईचा फोन त्याच संध्याकाळी आला, ती बसमध्ये असताना, आणि ताईचं पहिलं वाक्य होतं, ‘असं का बोललीस तू तिथं?’ धाकटीला आधी वाटलं आपण नीट ऐकलं नाही. तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला. ‘मी बोलले?’ ती म्हणाली. ‘मी काय बोलले?’ ताई म्हणाली, सगळं, मुलीचं, सहा वर्षांचं, त्या बाई हुशार आहेत. मग तिनं समजावून सांगायला घेतलं, तिच्या त्या मोठ्या बहिणीच्या सुरात, गणित शिकवायची त्या सुरात. बघ, ती माणसं चांगली आहेत पण जुन्या वळणाची आहेत. पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं, घरात कुणाचं मोडलंबिडलं नाही ना. तुझ्या भाऊजींच्या तोंडून निघून गेलं, नाही. मग तुझं सांगायचं कसं? तू कुठं असतेस, तुझे मिस्टर काय करतात, हे ओघानं आलंच असतं. तेव्हा भाऊजी म्हणाले, नाहीच आहे म्हणून सांगू. एकदा सांगितल्यावर मग ते तसंच पुढं चाललं. ‘तुला वाटतं मला बरं वाटतंय?’ ताई म्हणाली. ‘तूच म्हणाली होतीस, बरं केलंस,’ धाकटी म्हणाली. पुढच्या बाकावरच्या माणसानं मागं वळून पाहिलं. ‘मी तुझ्या पोरीला घेऊन त्या घरातून निघाले, ताई. माझं एकटीचं असतं तर मी अजून तिथंच असते.’ मग ताई हळू आवाजात म्हणाली, ‘त्या टेबलाला नाही म्हणून सांग. एवढं कर माझ्यासाठी.’ एवढं कर. दहावीच्या वेळी हेच, मुलगी ठेवून जाताना हेच, दर वेळी एवढंच, आणि दर वेळी ते केलं गेलं होतं. बस एका चौकात थांबून राहिली. धाकटीनं फोन बंद केला आणि शेजारच्या बाईनं विचारलं, ‘उतरायचंय का?’ तेव्हा तिला कळलं की आपण उभ्या राहिलो आहोत.

मुलीला फोन करायला तिनं दोन दिवस घेतले. ताईला शिव्या देणं सोपं होतं, ते ती मनात अखंड करत होती, दात घासताना, जिना उतरताना, मैदा मोजताना. पण मुलीचा नंबर समोर आला की अंगठा थांबायचा. तिला माहीत नसेल, असं धाकटी स्वतःला सांगायची. तिला आईनं काहीतरी भलतंच सांगितलं असेल, मावशी आजारी आहे, मावशीला यायचं नाही. तिला कळलं तर ती धावत येईल. हे खरं नसलं तर काय, तेवढंच तिला बघायचं नव्हतं. सोमवारी दुपारी, जेवायच्या सुट्टीत, मागच्या कोठारात रिकाम्या खोक्यांच्या थप्पीला टेकून तिनं फोन लावला, आणि मुलगी म्हणाली, ‘मावशी, मी तुला करणारच होते.’ आवाज तोच होता, थोडा बसका, सकाळी उठल्यावर असायचा तसा.

‘तुला माहीत होतं?’ धाकटीनं विचारलं.

‘मावशी, थोडेच दिवस गं. लग्न होऊ दे. मग मी स्वतः सांगते सगळ्यांना.’

‘काय सांगशील? नसलेली मावशी अचानक कुठून उगवली म्हणून सांगशील?’

‘असं नको ना बोलू. त्याला सांगितलंय मी. त्याला सगळं ठाऊक आहे, त्याला काहीच वाटत नाही. फक्त त्याच्या आईला लगेच नको, असं आमचं ठरलं.’

आमचं ठरलं. म्हणजे चार माणसांनी बसून ठरवलं होतं, आणि त्यांतली एक ही होती. ‘तू समजून घेशील हे मला ठाऊक होतं,’ मुलगी म्हणाली. ‘तुझं मन मोठं आहे, मावशी.’ धाकटीला वाटलं, समोरचं खोकं उचलून भिंतीवर मारावं. मोठ्या मनाची म्हणजे जिला काही दिलं नाही तरी चालतं ती. कडा आवडणारी. हे आपणच हिला शिकवलं. कुठला भाग चांगला हे हिला लहानपणीच कळलं होतं, आणि मावशीला तो नकोच असतो हे आपणच तिच्या डोक्यात घालून ठेवलं, वर्षानुवर्षं, हसत हसत. ‘तुझा हात पिरगाळला होता ते आठवतं का तुला?’ तिनं विचारलं. मुलगी म्हणाली, ‘आठवतं.’ मग म्हणाली, ‘रोज नाही आठवत.’ ती खरं बोलली होती, आणि धाकटीला त्या एका वाक्यापुरतं तिच्यावर रागावता आलं नाही. रोज आठवू नये म्हणूनच तर निघालो होतो. पण ते क्षणभरच टिकलं. बाहेरून टायवाल्या साहेबांनी हाक मारली, टेबलाशी माणसं उभी आहेत, आणि तिनं मुलीला ‘ठेवते’ म्हटलं. सुखी राहा असं म्हणायचं तिच्या ओठांवर आलं होतं. ते तिनं म्हटलं नाही. जन्मात पहिल्यांदा तिनं त्या पोरीला द्यायचं काहीतरी हातचं राखून ठेवलं, आणि त्यानं तिला आनंद झाला नाही, पण अंगात थोडा जोर आला.

उंच बाईंचा फोन मंगळवारी पाच वाजता आला. दुकान त्या वेळी सुस्त असतं. पलीकडच्या भिंतीवरच्या सगळ्या टीव्हींवर एकच मासा पोहत होता आणि फ्रिजवाला जांभया देत होता. धाकटीनं काहीच ठरवलेलं नव्हतं. म्हणजे सोमवारी रात्री तिनं ठरवलं होतं की नाही म्हणून सांगायचं आणि विषय संपवायचा, आणि मंगळवारी सकाळी ठरवलं होतं की हो म्हणायचं, एप्रन घालून त्या जिन्यांच्या मधोमध उभं राहायचं आणि येईल त्याला कप द्यायचा, भाऊजींना द्यायचा, नवऱ्या मुलाला द्यायचा, बघू कोण काय म्हणतं. दोन्ही वेळा तिला स्वतःची शिसारी आली होती. फोन उचलून ती कोठारात गेली.

‘परवा केक खाऊन गेले ना, ती मी,’ उंच बाई म्हणाल्या. ‘आम्ही यादीच घेऊन बसलोय इथं. म्हटलं तुमचं पक्कं करून टाकू. येताय ना सव्वीसला?’

‘नाही जमणार, मॅडम,’ धाकटी म्हणाली. एवढ्यावर थांबता आलं असतं. थांबावं असं तिला वाटलंही. ‘त्या दिवशी माझ्या भाचीचं लग्न आहे.’

‘अरे वा. म्हणजे बोलावलं शेवटी.’

‘नाही. पण मी जाणार आहे.’

‘जाच,’ उंच बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज तापला होता, खरोखरच तापला होता, तिच्या बाजूनं. ‘जा आणि पुढच्या रांगेत बसा. सहा वर्षं म्हणजे काय थट्टा आहे? कुठं आहे लग्न?’

धाकटीनं सांगितलं. नदीकाठचं सभागृह, दोन जिन्यांचं.

फोनमध्ये त्यांच्या मागं कुणीतरी चहाचे कप ठेवल्याचा आवाज आला, कुणीतरी हसलं, आणि ते हसणं धाकटीनं ओळखलं. तीस वर्षं शाळा चालवलेली बाई पलीकडं श्वास घेत होती, एका गोष्टीला दुसरी लावत होती, आणि धाकटीनं तिला घाई केली नाही. तिनं फोन दोन्ही हातांनी धरला. आता परत फिरता येत नाही हे तिला कळलं. तिला भीती वाटली, आणि भीतीखाली तो राग तसाच होता, तापलेला, जागचा न हललेला.

‘तुमची बहीण इथंच बसलीय,’ शेवटी उंच बाई म्हणाल्या, अगदी सावकाश. ‘माझ्यासमोर. देऊ तिला फोन?’

‘द्या,’ धाकटी म्हणाली.